दुसऱ्या गाडीचा नंबर

योकोहामा,
७ एप्रिल २०२४

चि. अश्लेषास वहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. शिंकान्सेनने दोन तासांवर राहणाऱ्या नणंदेला टपालाने पत्र पाठवणारी मी या देशातली शेवटची भावजय असेन. पण माझा फोन हल्ली माझ्यापेक्षा तुझ्या दादाकडे जास्त असतो. मी कोणाला काय लिहिलं ते तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवतो, माझ्या आवाजात. नक्कल चांगली करतो. म्हणून म्हटलं, कागदच बरा. उत्तर मात्र घरी पाठवू नकोस. वॉर्ड ऑफिसात परदेशी लोकांच्या मदत खिडकीवर मी दुभाषी म्हणून बसते, तिथल्या पत्त्यावर पाठव. आणि या पत्राबद्दल श्रीहरीशी काही बोलू नकोस.

तर बातमी अशी की माझी अमेरिकन सवत आली. बंदरातून कंटेनर आला तेव्हा मी अत्सुगीजवळच्या त्याच्या भाड्याच्या शेडवर होते. नुसती बॉडी, करड्या प्रायमरमधली, लांबलचक नाकाची, दोन दारांची. १९६९ सालच्या मसल कारची हुबेहूब प्रतिकृती, पण पत्रा गेल्या वर्षी अमेरिकेत दाबलेला. इंजिन, गिअर, मागचा अ‍ॅक्सल असं सगळं तो कधीपासून गोळा करतोय ते तुला माहीतच आहे. त्या दिवशी तो त्या पत्र्याला गाल टेकवून उभा राहिला. मला बरं वाटलं. वाटलं, आता घर थोडं शांत होईल.

मग आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो, म्हणजे इथल्या आरटीओत. नेहमीसारखा तो मराठीत बोलणार आणि मी जपानीत. इतकी वर्षं टोकियोतल्या बँकेत इंग्रजीवर काढल्यामुळे त्याचं जपानी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरतं राहिलंय. तो सगळ्यांना सांगतो की माझं जपानी म्हणजे सुप्रभा. काउंटरवरचे गृहस्थ फार सभ्य होते. ते म्हणाले, या बॉडीवर कारखान्याने ठोकलेला चासी नंबर नाही, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ही गाडी आज जन्मली. आज जन्मलेल्या गाडीला धुराचे, ब्रेकचे, धडकेचे आजचे नियम लागतात आणि ते हिला झेपणार नाहीत. जुन्या गाडीची दुरुस्ती म्हणायची असेल तर जुनी गाडीच लागेल, जिच्या अंगावर नंबर आहे ती. शेडमध्ये ठेवा, प्रदर्शनात मांडा, रस्त्यावर आणता येणार नाही. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला आणि सांगताना त्याच्या जबड्याकडे बघत राहिले.

येताना हायवेवर जरा वादावादी झाली. मी नीट समजावलं नाही असं त्याचं म्हणणं होतं. मी एका सर्व्हिस एरियात उतरले आणि बसने घरी आले. चष्मा तुटला, नवा करायला टाकलाय, म्हणून हे अक्षर असं.

आता त्याच्या डोक्यात वेगळंच आहे. कुठूनतरी तशीच एक सडलेली गाडी कागदांसकट घ्यायची, तिचा नंबर या बॉडीवर आणायचा आणि नोंदणी माझ्या नावावर करायची, कारण त्याचं नाव त्या काउंटरवर लक्षात राहिलं असेल. माझा नोंदवलेला हांको, सहीचा शिक्का, त्याने कपाटातून काढून स्वतःच्या बॅगेत ठेवलाय. पण शिक्का काउंटरवर मला उभं राहून मारावा लागेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझ्याकडे अजून गारठा असेल, स्वेटर इतक्यात आत टाकू नकोस. कळावे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून कळावे. माया आहे तशी असू दे.

तुझी,
वहिनी


सेंदाई,
१६ एप्रिल २०२४

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातलाय, कारण प्रयोगशाळेच्या फरशीवर कोणीतरी अ‍ॅसिड सांडून ठेवलंय. तुझं पत्र दोनदा वाचलं. नणंद-भावजयीचा गुप्त पत्रव्यवहार, तोही सरकारी खिडकीतून. माझ्या जपानी सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना वाटेल की आपण दोघी मिळून दादाला विष घालतोय.

इथे साकुराचा, चेरीचा, बहर संपत आला. नदीकाठी सगळी माणसं वर बघत चालतात आणि एकमेकांवर आदळतात. मी सायकलवरून जाताना दोघांना पाडलं, उलट त्यांनीच माझी माफी मागितली.

दादाच्या रागाचं नवीन काय सांगतेस वहिनी? तो राग म्हणजे आमच्या घरातला माणूस आहे. बाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. कर्वेनगरच्या कोपऱ्यावर मला शिट्टी मारणाऱ्या एका मुलाला त्याने सायकलच्या पंपाने असा बडवला होता की त्याच्या आईने येऊन आमच्या आईचे पाय धरले. त्याचा हात कायमचा वाकडा राहिला. आम्ही अजून हसत सांगतो ती गोष्ट. मला त्या दिवशी फार सुरक्षित वाटलं होतं.

आणि एक गंमत. परवा त्याचा फोन आला, आवाज अगदी मऊ. विचारत होता की पत्र्याचा एक तुकडा दुसऱ्या पत्र्यात जोड न दिसता बसवता येतो का. मी म्हटलं, डोळ्याला फसवणं सोपं आहे, धातूला नाही. वेल्डिंगची उष्णता जिथवर जाते तिथवर आतले कण बदलतात. वरून कितीही घासा, रंगवा, तज्ज्ञाने रंग काढून अ‍ॅसिड लावलं की जोडाचा पट्टा उमटतोच. मग तो म्हणाला की उष्णता कमीत कमी कशी ठेवायची, आणि मी ते सविस्तर समजावत बसले. एवढी वर्षं तो माझ्या संशोधनाला भांड्यांची कल्हई म्हणायचा. पहिल्यांदाच त्याने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. फोन ठेवल्यावर मी उगाचच रडले.

तेव्हा तूही फार ताणू नकोस. नाव तुझं, गाडी त्याची, घरात शांतता. मार एक शिक्का आणि मोकळी हो. गाडी रस्त्यावर आली की मला आधी फिरवून आणायची अट घाल.

चष्मा चांगला घे, आजीबाईसारखा नको. तुझ्या हातच्या पुरणपोळीवर जितका लोभ आहे तितका माझ्यावर ठेवलास तरी पुरे.

तुझी,
अश्लेषा


योकोहामा,
१९ मे २०२४

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिडकीच्या खणात आहे. काम नसलं की काढून वाचते आणि हसते. हसल्यावर बरगडीत दुखतं, तरी.

सडलेली गाडी मिळाली. तोचिगीत कोणाच्यातरी गोठ्यात होती. तळ गेलेला, त्यातून गवत वर आलेलं, मागच्या सीटवर मांजरीने पिल्लं घातल्याच्या खुणा. पण पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर नंबर होता, कारखान्यात ठोकलेला, आणि तिचे कागद होते. श्रीहरीने तो तुकडा ग्राइंडरने कापून काढला. मी दिवा धरला होता. ठिणग्या माझ्या बाहीवर येत होत्या आणि दिवा हलला की तो ओरडत होता. मग नव्या बॉडीत तेवढंच भोक पाडून त्याने तो तुकडा बसवला. ओला कपडा ठेवून, थांबत थांबत, तू सांगितलंस तसं. काम करताना तुझं नाव घेत होता, अभिमानाने. म्हणत होता, माझी बहीण या विषयातली डॉक्टर आहे.

उरलेली गाडी भंगारवाला तशीच उचलणार होता. पण याने घण घेतला आणि ती फोडायला सुरुवात केली. आधी काचा, मग छप्पर, मग दारं. गरज काही नव्हती. शर्ट भिजून अंगाला चिकटेपर्यंत मारत राहिला. त्या गाडीने त्याचं काय बिघडवलं होतं? तिचा नंबर काढून घेतला, आता ती कोणीच नव्हती, तरी तिला आकार उरलाय हे त्याला सहन होत नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहून विचार करत होते की माणूस एवढा दमल्यावर शांत होतो का.

झाला. हात धुतले, चहा प्यायला. तेवढ्यात मी सांगून टाकलं की मी शिक्का मारणार नाही. एका गाडीचा नंबर दुसरीच्या अंगावर लावून नोंदणी करणं हा गुन्हा आहे, आणि नाव माझं लागणार आहे. पकडलं गेलं तर माझी खिडकी जाईल, आपला इथला राहण्याचा परवाना जाईल. तो म्हणाला, बरं. इतक्या सहज म्हणाला की मला लाज वाटली, वाटलं आपण उगाच घाबरतो. मग म्हणाला, जरा इकडे ये, दार नीट बसतं का बघू, तू चौकटीपाशी हात धर. मी डावा हात धरला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे, आणि दार लावलं.

नवी दारं फार छान बसतात. उघडण्याआधी त्याने मला विचारलं की आता काय म्हणणं आहे. मी काहीतरी म्हटलं असेन.

दोन बोटं गेली नाहीत, पण वाकणार नाहीत. डॉक्टरांना मी सांगितलं की दार वाऱ्याने लागलं. चष्माही हायवेवर आपोआप तुटला नव्हता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुण्यात तुझ्या आईंना सांगावंसं वाटतं, पण त्या काय म्हणतील ते मला आधीच ऐकू येतं. तू त्याची लाडकी आहेस हे जाणून तुला लिहितेय. तू काही करावंस म्हणून नाही. कोणाला तरी माहीत असावं म्हणून.

त्याला फोन करू नकोस. माया कमी झाली तर समजून घेईन, पण पत्र लिहीत राहा.

वहिनी


सेंदाई,
२६ मे २०२४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. खरं सांगू का? आधी मला तुझाच राग आला. वाटलं, काहीतरी वाढवून लिहिलंय. मग त्या वाकड्या हाताच्या मुलाची आठवण आली, आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही हे लक्षात आलं.

तू नको म्हणाली होतीस, पण मला राहवलं नाही. काल दादाला फोन केला. तुझं पत्र आलंय असं म्हटलं नाही, नुसतं विचारलं की वहिनीच्या बोटांना काय झालं. तो रडायला लागला, वहिनी. बाबा गेले तेव्हाही तो रडला नव्हता. म्हणाला, चुकून झालं, माझ्या डोक्यावर फार ताण आहे, नोकरीत माझ्याहून लहान माणसं माझ्या डोक्यावर बसवली आहेत, एवढी एक गाडी माझी आहे आणि ती पण हे लोक रस्त्यावर येऊ देत नाहीत. मी त्याला आईची शपथ घातली की वहिनीवर पुन्हा हात उचलणार नाहीस. त्याने घेतली.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. बोलल्याने सुटतं, बघ. नंबरचं मात्र तुझं बरोबर आहे, ते मी त्याला पुन्हा सांगेन.

बोटांना रोज कोमट पाण्याचा शेक दे. मी पुढच्या महिन्यात येतेच आहे, तोवर आमच्या दोघांवरही जमेल तितकी माया ठेव.

अश्लेषा


योकोहामा,
६ जून

अश्लेषा,

तुझ्या दादाचं रडणं खरं होतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, मला ऐकू येत होतं. त्याने फोन ठेवला, तोंड धुतलं, टॉवेल जागेवर टांगला आणि आत आला.

पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. एवढीच नीट आठवते. नंतर मी फरशीवर होते आणि तो लाथा घालताना विचारत होता की कशाने कळवलंस, फोन तर माझ्याकडे असतो. केस धरून त्याने मला शेगडीपाशी नेलं, बर्नर लावला आणि माझा चेहरा इतका जवळ धरला की भुवया गेल्या. मी सांगितलं. पत्रं ऑफिसात आहेत म्हटल्यावर सोडलं. मग त्याने मला कुशीत घेऊन माझ्या डोक्याला तेल लावलं.

कानाचा पडदा फाटलाय. त्यात आता नुसता समुद्र वाजतो. खिडकीवर बसताना खुर्ची वळवून उजवा कान पुढे करते. माझ्या सहकारी बाईंनी विचारलं, मी सांगितलं की बाथरूममध्ये घसरले. त्यांनी मान हलवली आणि माझ्या खणात पोलिसांच्या महिला मदतीचा नंबर असलेलं कार्ड ठेवलं.

तू फोन केलास त्याचा राग नाही. मीही पहिली काही वर्षं हेच समजत होते की त्याच्याशी बोललं की सुटेल.

१७ तारखेला तपासणी आहे. मी शिक्का मारणार आहे. विचार करून झाला. तो रोज माझ्याकडून वाक्यं पाठ करून घेतो. ही गाडी मी विकत घेतली, माझ्या नवऱ्याने दुरुस्त केली, बॉडी मूळचीच आहे. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. आता अडखळत नाही.

तू येऊ नकोस. तुला बघून तो आधी हसेल, आणि तू गेल्यावर मी असेन.

वहिनी


सेंदाई,
९ जून २०२४

ती. वहिनी,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. शिक्का मारू नकोस. माझ्या एका फोनने तुझा कान गेला आणि माझ्या दुसऱ्या फोनने तो जोड इतका सफाईदार झाला, हे दोन्ही मला कळलंय. क्षमा मागायला शब्द लिहीत होते, सगळे खोडले.

ते कार्ड वापर. मी नुसतं सांगत नाही, पाया पडून सांगतेय. वापरणार नसलीस तर निदान एवढं लक्षात ठेव की मी आता त्याच्या बाजूची नाही. हे वाक्य लिहायला मला सकाळ लागली.

आधी मी माया मागत होते, आता नुसतं तुझं उत्तर मागतेय.

अश्लेषा


पत्ता लिहायची इथे परवानगी नाही.
२३ जून २०२४

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी ठीक आहे. समोरचा एक दात नाही, ओठाला टाके आहेत. इथे सात-आठ बायका आहेत, दोन लहान मुलं आहेत, भात फार छान शिजवतात. पत्र तुझ्याकडे एका अधिकारी बाईंच्या हस्ते येईल. काय झालं ते क्रमाने सांगते. पोलिसांना सांगून सांगून आता पाठ झालंय.

गाडी ट्रकवर चढवून नेली होती. लाल रंग, चकचकीत, आवारातली सगळी माणसं फोटो काढायला आली. श्रीहरी प्रत्येकाला मान लववत होता. तपासनीसाने काचेखालचा नंबर बघितला, कागदाशी ताडला, बोटाने रंग चाचपला, जरा जास्त वेळ चाचपला आणि आत काउंटरवर काहीतरी सांगायला गेला. मागच्या वेळचे गृहस्थ नव्हते, ओगुरा नावाच्या बाई होत्या. मी पाठ केलेलं बोलले. अडखळले नाही. श्रीहरीने हांकोचं टोपण काढून तो माझ्या हातात दिला, लाल शाईची डबी उघडून पुढे सरकवली.

तेवढ्यात ओगुरा-साननी विचारलं की नंबर असलेला तो पत्रा कधी कापून बदललाय का. माझ्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, काम माझ्या नवऱ्याने केलंय, त्यांना विचारून सांगते. आणि त्याला मराठीत विचारलं.

तो ओगुरा-सानकडे बघून हसला. हसत हसतच मला मराठीत म्हणाला की नाही म्हणून सांग, आवाज हलला तर घरी गेल्यावर उरलेला कानही फोडीन, मग बघू कुठली दुभाषी राहतेस.

तो बाहेर नेहमीच असं बोलतो. ट्रेनमध्ये, बँकेत, डॉक्टरसमोर, शेजाऱ्यांशी हसत असताना. या देशात मराठी म्हणजे त्याला घराची आतली खोली वाटते, दार लावलेली. आमचा संसार त्याच खोलीत झाला.

आमच्या कामाचा एक नियम आहे. समोरचा जे बोलला ते सगळं पोचवायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही, मऊ करायचं नाही. तो असं म्हणतो असंही म्हणायचं नाही, त्याच्या जागी उभं राहून मी म्हणायचं. अश्लेषा, मी काही ठरवून गेले नव्हते. शिक्का माझ्या चिमटीत होता आणि मी तो मारणार होते. पण प्रश्न विचारला गेला होता, उत्तर आलं होतं, ते पलीकडे द्यायचं राहिलं होतं. मी खिडकीवरच्या आवाजात, नीट जपानीत म्हटलं की नाही म्हणून सांग, आवाज हलला तर घरी गेल्यावर तुझा उरलेला कानही फोडीन, मग बघू कुठली दुभाषी राहतेस.

ओगुरा-सानना काही क्षण उमगलं नाही. मग त्यांनी माझ्या कानातला कापूस बघितला, भुवया बघितल्या, काउंटरवर ठेवलेली दोन ताठ बोटं बघितली. श्रीहरी अजून हसत होता. त्याला वाटलं, मी काम चोख केलं.

त्या अगदी हळू म्हणाल्या की हे तुमच्या यजमानांचं उत्तर झालं, आता तुमचं सांगा. दुभाष्याला स्वतःचं उत्तर नसतं. मला ते शोधायला वेळ लागला. मग मी म्हटलं की नंबर दुसऱ्या गाडीचा आहे, कापून लावलेला. मी हा शिक्का मारणार नाही. मला घरी जायचं नाही, पोलिसांना बोलवा.

पोलीस हा शब्द त्याला जपानीत येतो. त्याने माझे केस धरले आणि तोंड काउंटरवर आपटलं. पुन्हा आपटलं. शाईची डबी उडाली, ओगुरा-सानचा पांढरा शर्ट लाल झाला आणि मला वाटलं त्यांनाही लागलं. तिसऱ्या वेळी रांगेतल्या दोन ट्रक ड्रायव्हरनी त्याला ओढला. एकाच्या दंडाला तो चावला, दुसऱ्याला त्याने कोपराने नाकावर मारलं. ते त्याला खाली दाबून बसले तरी तो ओरडत होता, मराठीत, माझ्याबद्दल, तुझ्याबद्दलही. ओगुरा-सान काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि विचारलं की ते काय म्हणताहेत. मी तेही सांगितलं. तोंडात रक्त होतं, शब्द नीट उमटत नव्हते, पण गाळलं काही नाही.

आता ती गाडी पोलिसांच्या आवारात आहे. त्यांनी मला विचारलं की जोड आहे हे सिद्ध कसं करायचं, कारण डोळ्याला काही दिसत नाही. मी म्हटलं, हे माझ्या नणंदेला माहीत आहे. तुझं नाव घेऊ का असं तुला विचारायला हवं होतं, पण वेळ नव्हता. ते तुझ्याकडे येतील. तुला काय सांगायचं ते तू ठरव. काहीही सांगितलंस तरी तू माझ्यासाठी अश्लेषाच राहशील, एवढी माया शिल्लक आहे.

सुप्रभा


सेंदाई,
१४ जुलै २०२४

प्रिय सुप्रभावहिनीस,

पोलीस आले होते. मी त्यांच्याबरोबर योकोहामाला गेले, गाडीचा रंग काढायला लावला आणि अ‍ॅसिडने पट्टा उमटवून दाखवला. चौकोनाच्या चारही बाजू, पेन्सिलीने आखल्यासारख्या. त्यांनी विचारलं की आरोपीला हे तंत्र कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी. त्यांनी विचारलं, तो तुमचा कोण. मी म्हटलं, मोठा भाऊ. ते सगळं लिहून घेतलं आणि मी वाचून खाली सही केली.

आईचे रोज फोन येतात. तिचं म्हणणं आहे की तू तक्रार मागे घ्यावीस आणि मी सांगावं की ती एकच गाडी आहे, नुसती दुरुस्त केलेली. मी तिला म्हटलं की आई, तो पंपाने मारलेला मुलगा कोण होता गं. तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला आणि जेवलीस का एवढंच विचारलं.

त्याच दिवशी मी दादाला भेटायला कोठडीत गेले. मधे काच आहे. तिथला नियम असा की पहारेकऱ्याला समजेल अशाच भाषेत बोलायचं. मराठी चालणार नाही, इंग्रजी येणारा शिपाई त्या दिवशी सुट्टीवर होता. म्हणजे फक्त जपानी. दादा काचेपलीकडे बसला, दाढी वाढलेली, आणि मराठीत काहीतरी सुरू केलं. पहारेकऱ्याने टेबलावर बोट वाजवलं. तो थांबला. वहिनी, मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा थांबताना बघितलं. तोंड उघडं होतं आणि त्यातून काढायला शब्द नव्हता.

मग मीच बोलले. जपानीत, सावकाश, अगदी मऊ आवाजात, लहानपणी तो मला झोपवताना बोलायचा तसं. मी त्याला सांगितलं की जोड कुठे आहे ते मीच दाखवलं. कोर्टातही मी येईन आणि हेच सांगेन. वहिनीचा कान, बोटं, दात, सगळं सांगेन. तू सुटलास तरी ती कुठे आहे हे तुला माझ्याकडून कळणार नाही. आणि हेही सांगितलं की तू मला वाढवलंस हे मी विसरलेले नाही. पहारेकरी मान खाली घालून ऐकत होता.

दादाला यातलं काही कळलं नाही. त्याने माझा आवाज ऐकला, माझे डोळे भरलेले बघितले आणि त्याला वाटलं की धाकटी बहीण आली, आता काहीतरी करेल. त्याने मान डोलावली. माझ्याकडे बघून हसला, काचेवर हात ठेवला. मी हात ठेवला नाही, पण वेळ संपेपर्यंत उठलेही नाही.

हे पत्र अधिकारी बाईंकडे देतेय. तुला पोचलं की एक ओळ लिही. वहिनी म्हणावं असं मला दुसरं कोणी नाही, तेवढा हक्क काढून घेऊ नकोस.

तुझी,
अश्लेषा